तिरोड्याची वही, केरेतारोची शाळा

मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूर सोडून गाडी पूर्वेकडे निघाली की भंडारा रोड आणि तुमसर रोड मागे पडतात आणि गोंदियाच्या अलीकडे तिरोडा लागते. रुळांच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, एका बाजूला वैनगंगेचे खोरे, दुसऱ्या बाजूला नागझिऱ्याच्या जंगलाकडे जाणारे रस्ते आणि क्षितिजावर औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या, असे या गावाचे पहिले दर्शन घडते. गाव मोठे नाही. परंतु तालुक्याचे ठिकाण असल्यामुळे बाजारपेठ जुनी आणि जागती आहे. धान, तांदूळ, किराणा, कापड आणि भांडी यांच्या दुकानांत आजही गादीवर बसून व्यवहार करणारी घरे येथे आहेत.

अशाच एका जैन व्यापारी घरासमोर दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत एक प्रश्न उभा राहिला. घरातील मुलगा अभियंता असून नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरीला होता. दर शनिवारी तो गाडीने गावी येई. त्याची पत्नी आणि दोन्ही मुले तिरोड्यातच आजी-आजोबांजवळ राहत. कारखान्याने त्याला तीन वर्षांसाठी मेक्सिको देशातील केरेतारो या शहरी जाण्याविषयी विचारले होते. कुटुंबाला सोबत नेण्याची मुभा होती. मुलगी आठवीत आणि मुलगा तिसरीत होता.

पगार चांगला होता, अनुभव मोलाचा होता. तरीही घरातील चर्चा पैशांपाशी थांबली नाही. मुलांची शाळा कोणत्या भाषेत होणार, त्यांचे खाणेपिणे कसे सांभाळले जाणार आणि ती परत येतील तेव्हा कोणाची होऊन येतील, हे तीन प्रश्न प्रत्येक जेवणाच्या वेळी पुन्हा पुन्हा निघत. आजींचा विरोध स्पष्ट होता. मुलाने एकट्याने जावे आणि सून-नातवंडांनी येथेच राहावे, असे त्यांचे मत होते. सुनेचे म्हणणे वेगळे होते. आठवड्यातून एकदा दिसणारे वडील आता वर्षातून एकदा दिसले, तर मुलांचे जे नुकसान होईल ते कोणत्या खात्यावर मांडायचे, असे तिने एकदा सासूबाईंना विचारले. त्यावर उत्तर आले नाही.

याच दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी आजोबांनी कपाटातून एक जुनी लांबट वही बाहेर काढली. लाल कापडी बांधणीची, कडा झिजलेली ही वही त्यांच्या आजोबांच्या काळची. मारवाडातून हे घर जेव्हा या धानाच्या मुलखात आले, तेव्हाच्या पहिल्या काही वर्षांचा हिशेब तीत आहे. दरवर्षी तिला कुंकू लावले जाते आणि ती पुन्हा कपाटात ठेवली जाते. त्या वर्षी नातीने वही उघडून पाहिली आणि विचारले, "दादाजी, यात काय लिहिले आहे?" आजोबा थांबले. वही मुडिया लिपीत होती. मारवाडी व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही लिपी मात्रा आणि शिरोरेघा गाळून भरभर लिहिली जाई. आजोबांच्या वडिलांना ती थोडीफार वाचता येत होती. आजोबांना आकडे तेवढे ओळखता येत. मुलाला तेही येत नाहीत.

"म्हणजे आपल्या घरची वही आपल्या घरात कोणालाच वाचता येत नाही," असे नात सहज म्हणाली. त्या रात्री आजोबांना झोप लागली नाही, असे आजी नंतर सांगत असत.

आजोबांच्या मनात जो विचार आला, तो तिरोड्याच्या बाजारपेठेतील पुष्कळ घरांना लागू पडणारा आहे. हे गाव स्वतःच देशांतराने घडलेले आहे. राजस्थान, गुजरात आणि कच्छ येथून आलेली व्यापारी घरे येथे स्थिरावली. त्यांच्या लेकरांनी गल्लीत झाडीबोली ऐकली, शाळेत प्रमाण मराठी शिकली, गिऱ्हाइकांशी हिंदी, पोवारी आणि छत्तीसगढी वळणाच्या बोलीत व्यवहार केला. अलीकडच्या काळात ३३०० मेगावॉट क्षमतेचे वीज केंद्र उभे राहिल्यावर अनेक प्रांतांतील अभियंते आणि कामगार कुटुंबांसह येथे आले. महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला. परक्या भाषेच्या वर्गात पहिल्या दिवशी गप्प बसलेले मूल तिरोड्याला नवीन नाही. फक्त आजवर तिरोड्याने अशी मुले येताना पाहिली होती. या घराला ती जाताना पाहायची होती.

आजोबांनी मग हिशेबाच्या पद्धतीने विचार केला. मारवाडातून निघताना घराने बरोबर काय आणले आणि त्यातले शिल्लक काय राहिले? लिपी गेली. गावाकडची गाणी गेली. वेशभूषा गेली. नवकार मंत्र राहिला, सूर्यास्तापूर्वीचे जेवण राहिले, पर्युषण राहिले, क्षमापना राहिली आणि रोज संध्याकाळी रोजमेळ जुळवल्याशिवाय दुकान बंद न करण्याची सवय राहिली. जे राहिले ते सारे रोज किंवा दरवर्षी न चुकता घरात केले जात होते. जे गेले ते कपाटात जपून ठेवलेले होते. जपून ठेवलेले टिकत नाही आणि वापरलेले टिकते, हा निष्कर्ष वहीनेच सांगितला.

यानंतर घरात केरेतारोविषयी माहिती गोळा करण्याचे काम सुरू झाले. नकाशात पहिलेच आश्चर्य सापडले. तिरोडा विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेएकवीस अंशांच्या जवळ आहे, केरेतारो साडेवीस अंशांच्या जवळ. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला असले तरी दोन्ही गावे जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर आहेत. त्यामुळे उन्हाळ्या-हिवाळ्यातील दिवसाची लांबी सारखीच. केरेतारोत डिसेंबरात सहाच्या सुमारास आणि जूनमध्ये साडेसातच्या आत सूर्य मावळतो. घड्याळाने हे तिरोड्याहून सुमारे अर्धा तास उशिराचे. मात्र हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवर असल्याने वैदर्भीय मे महिना तेथे कोणाला ठाऊक नाही.

शहर जुने आणि देखणे आहे. अठराव्या शतकात बांधलेला ७४ कमानींचा दगडी जलसेतू शहराच्या मधोमध उभा आहे. मेक्सिकोची १९१७ सालची राज्यघटना याच शहरात जाहीर झाली. जुन्या पेठेला १९९६ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे. पेठेबाहेर मोटारींचे आणि विमानांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांच्या वसाहती पसरलेल्या आहेत. भारतीय कुटुंबे मेक्सिकोत जाण्याचे कारण पुष्कळदा असे कारखाने किंवा संगणक कंपन्या हेच असते. २००७ साली टी.सी.एस.ने ग्वादालाहारा येथे आणि इन्फोसिसने मॉन्टेरे येथे केंद्रे उघडली. व्यापारासाठी स्पॅनिशभाषक मुलखात गेलेल्यांची वाट त्याहून जुनी आहे. स्पेनच्या ताब्यातील कॅनरी बेटांवर आणि पनामातील कोलोन बंदरात सिंधी व्यापाऱ्यांची घरे कित्येक दशकांपासून आहेत.

विदर्भाला तर या वाटेवरचा एक फार मोठा प्रवासी लाभलेला आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे तरुणपणी क्रांतिकार्यासाठी घर सोडून जपान आणि अमेरिकेत गेले. तेथे त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले, गदर चळवळीत भाग घेतला, पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूने लढ्याचा प्रयत्न केला आणि अखेर १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिशाळेत ते प्राध्यापक झाले. मका आणि गहू यांच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालवल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातील एका भित्तिचित्रात भाकरी वाटणाऱ्या पुरुषाच्या रूपाने त्यांना रंगवले. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

या थोर चरित्राचा मुलांशी संबंध असलेला भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. खानखोजे यांनी १९३६ साली एका बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन मुली मेक्सिकोत जन्मल्या आणि वाढल्या. १९५५ साली हे कुटुंब कायमचे नागपूरला आले. म्हणजे स्पॅनिश बोलत वाढलेल्या दोन मुलींनी नागपुरात पाऊल ठेवले. वडिलांसाठी ते घरी परतणे होते. मुलींसाठी ते देशांतर होते. पुढे सावित्रीबाईंनी वडिलांचे चरित्र लिहिले, ते इंग्रजीत. एकाच प्रवासाला घरातील प्रत्येक माणसाच्या वयाप्रमाणे वेगळे नाव असते, ही गोष्ट या उदाहरणावरून जितकी स्पष्ट होते तितकी इतर कशानेही होत नाही.

तिरोड्याच्या घरातही हाच मुद्दा निर्णायक ठरला. दोन मुलांची वये वेगळी, म्हणून दोघांचे प्रश्न वेगळे होते. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवून दिले आहे की, नव्या भाषेत खेळण्या-बोलण्यापुरते मूल साधारण दोन वर्षांत तयार होते. परंतु त्या भाषेत इतिहास, विज्ञान आणि निबंध समवयस्कांच्या बरोबरीने करण्यास पाच ते सात वर्षे लागू शकतात. आठ वर्षांच्या मुलाजवळ ही वर्षे आहेत. चौदा वर्षांच्या मुलीजवळ ती नाहीत.

मेक्सिकोतील शाळेची रचना पाहिल्यावर हे आणखी स्पष्ट झाले. तेथे सहा वर्षे प्रिमारिया, तीन वर्षे सेकुंदारिया आणि तीन वर्षे प्रेपारातोरिया अशी मांडणी आहे. आपली नववी म्हणजे सेकुंदारियाचे शेवटचे वर्ष. दहावी, अकरावी आणि बारावी मिळून प्रेपारातोरिया. शालेय वर्ष ऑगस्टच्या अखेरीस किंवा त्याच्या आसपास सुरू होते. गुण दहापैकी दिले जातात आणि सहा गुणांना उत्तीर्ण मानतात. प्राथमिक शाळांना सरकारी पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात. त्यासाठी १९५९ साली राष्ट्रीय आयोग स्थापन झाला. आपली बालभारती १९६७ सालची.

आता हिशेब असा झाला. तीन वर्षांची मुदत संपेल तेव्हा मुलगी अकरावीच्या बरोबरीचे वर्ष संपवून परतेल. एकच वर्ष उरलेले असेल आणि येथे तिला बारावीत थेट प्रवेश मिळणे कठीण. दोन वर्षांनी परतली तर दहावीचे भारतीय मंडळाचे प्रमाणपत्र हाती नसेल. तिला तिरोड्यातच ठेवून दहावी पुरी करावी, हा तिसरा पर्याय होता. आजींना तो आवडला. पण नातीने स्वतःच त्याला नकार दिला. "भाऊ तिकडे आणि मी इकडे, मग मी कोणाशी भांडू?" असे ती म्हणाली आणि सगळे हसले. हसण्यावारी गेलेल्या त्या वाक्यात एक बाजू होतीच.

शेवटी घराने व्यापाऱ्याला शोभेल असा मार्ग काढला. मुलाने कारखान्याकडे तीनऐवजी चार वर्षांची मुदत लेखी मागितली. चार वर्षांत मुलगी प्रेपारातोरिया पूर्ण करू शकते, आणि परदेशी बारावीची समकक्षता भारतीय विश्वविद्यालय संघाकडून घेऊन येथील महाविद्यालयात प्रवेश मागू शकते. तिला पुढे सी.ए. व्हायचे आहे, त्यामुळे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसारखी अडचण नव्हती. कारखान्याने ती मुदत मान्य केल्यावरच विमानाची तिकिटे काढली गेली. परतण्याचा दिवस निघण्यापूर्वी ठरवला, ही या घराची मोठी शहाणी गोष्ट म्हणावी लागेल.

कागदपत्रांचे काम सुनेने अंगावर घेतले. जन्मदाखले, विवाह प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचे दाखले आणि गुणपत्रिका यांची राज्य पातळीवर पडताळणी करून परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल मोहोर घ्यावी लागते. भारत या आंतरराष्ट्रीय कराराचा २००५ पासून सदस्य आहे. मेक्सिको आणि स्पेन हेही सदस्य आहेत. नंतर अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर करावे लागते. खरी अडचण नावांची येते. स्पॅनिश पद्धतीत प्रत्येकाला दोन आडनावे असतात, पहिले वडिलांकडचे आणि दुसरे आईकडचे, आणि विवाहानंतर स्त्री आपले आडनाव बदलत नाही. मुलाच्या अर्जात आईचे दुसरे आडनाव कोणते, हा प्रश्न आपल्याकडच्या सासरच्या आडनावाने उत्तर देता येत नाही. शिवाय आपले मधले नाव, म्हणजे वडिलांचे नाव, तेथे कधी आडनावाच्या जागी जाऊन बसते. सर्व कागदांवर एकच अक्षरलेखन असणे म्हणूनच आवश्यक. बँकेचा विचारही विसरता कामा नये. परदेशी वास्तव्य सुरू झाल्यावर येथील बचत खाते एन.आर.ओ. खात्यात बदलून घ्यावे लागते, जुने पी.पी.एफ. खाते मुदतीपर्यंत चालू ठेवता येते, नवे उघडता येत नाही.

आहाराचा प्रश्न आजींनी हाताळला, आणि तेथे अपेक्षेपेक्षा दिलासा मिळाला. मेक्सिकोत मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान घरी होते आणि रात्रीचे खाणे हलके असते. शाळाही साधारण दुपारपर्यंत सुटते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घराला यापेक्षा सोयीची दिनचर्या परदेशात क्वचित सापडेल. स्पेनला जाणाऱ्या कुटुंबाला वेगळा हिशेब करावा लागेल. तेथे रात्रीचे जेवण नऊ-दहाला होते. माद्रिदला जूनमध्ये पावणेदहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून उन्हाळा सोपा. पण डिसेंबरात तो सहाच्या आत मावळतो.

मक्याची तोर्तिया ही तर आपल्या भाकरीची बहीण. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात आणि त्याच पिठाची ती थापतात. घेवड्यासारखे काळे-तांबडे फ्रिहोल, निवडुंगाची भाजी, पपई, पेरू, सीताफळ आणि चिकू बाजारात विपुल. मिरची आणि मका तर त्याच मुलखातून आपल्याकडे आले. सावध राहायचे ते लपलेल्या गोष्टींपासून. फ्रिहोल अनेकदा डुकराच्या चरबीत परततात. गव्हाच्या तोर्तियात आणि तामालेसमध्ये ती असू शकते. साधा दिसणारा भात कोंबडीच्या रस्स्यात शिजवलेला असतो. "कार्ने नको" असे सांगितले तर पुष्कळ जण गोमांस तेवढे वगळतात आणि कोंबडी आणून ठेवतात. म्हणून कार्ने, पोयो, पेस्कादो, हुएवो आणि मांतेका, म्हणजे मांस, कोंबडी, मासे, अंडे आणि चरबी, ही पाचही नावे एकेक करून सांगावी लागतात. मुलांच्या वाढदिवसाला तर रंगीबेरंगी हेलातिना हमखास असते. ती प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून निघणाऱ्या जिलेटिनची. धाकट्याला हे शब्द तिरोड्यातच पाठ करवून घेतले गेले. नवकारानंतर त्याने पाठ केलेली ही दुसरी मालिका, असे आजोबा थट्टेने म्हणत.

भाषेची तयारीही गावीच सुरू झाली. स्पॅनिश मराठी कानाला फार परकी नाही. त, द, प हे वर्ण आपल्यासारखेच उच्चारतात. स्वर पाच आणि स्वच्छ. 'चांगला मुलगा' आणि 'चांगली मुलगी' यात विशेषण बदलते, तसेच ते तेथेही बदलते. 'तू' आणि 'आपण' यांतील भेद 'तू' आणि 'उस्तेद' असा जपला जातो. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले पगार, चावी, साबण, पाव हे शब्द स्पॅनिशमध्ये पागार, यावे, हाबोन, पान अशा भावंडरूपांत भेटतात. नातीने अशा शब्दांची यादी करून दुकानातल्या काउंटरवर चिकटवली होती. ती अजून तेथेच आहे.

कुटुंब गेल्यानंतरचे पहिले सहा महिने सोपे नव्हते. धाकटा वर्गात जवळजवळ काहीच बोलत नसे. घरी आला की मात्र अखंड बोलत राही. नव्या भाषेत उतरणाऱ्या मुलांचा असा मौनाचा काळ असतो, हे आईला ठाऊक होते, म्हणून तिने घाई केली नाही. एके दिवशी तो रडवेला होऊन आला. त्याने भागाकार बरोबर केला होता. पण आपल्या पद्धतीने प्रत्येक पायरीची वजाबाकी खाली लिहिली होती. तेथे वजाबाकी मनात करून बाकी तेवढी लिहितात. बाईंनी उत्तर बरोबर म्हटले आणि मांडणी लांबट म्हटली. मग आजोबांनी फोनवरून त्याला सांगितले की, दोन्ही पद्धती शिकून घे. उत्तर एकच येते. त्यानंतर वर्षाच्या आत तो बाजारात वडिलांचे उच्चार दुरुस्त करू लागला.

मोठीचे दुःख शांत होते. गणितात ती पुढे होती. मेक्सिकोच्या इतिहासाच्या तासाला तिला काही उमजत नसे. तिरोड्यात पहिल्या पाचांत येणाऱ्या मुलीला पहिल्या परीक्षेत इतिहासात दहापैकी पाच मिळाले. तिने ते आजींना सांगितले नाही, आजोबांना सांगितले. पर्युषण शाळेच्या पहिल्याच आठवड्यांत आले. तिने वर्गशिक्षिकेला स्पॅनिशमध्ये लिहून दिले की, आज तिचा उपवास आहे आणि ती खेळाच्या तासाला बसून राहील. त्या पत्रात तिच्याकडून तीन चुका झाल्या. शिक्षिकेने त्या दुरुस्त केल्या आणि खाली लिहिले की, संवत्सरीचा अर्थ सगळ्या वर्गाला सांगशील का. तिने सांगितला. मोडक्या वाक्यांत सांगितला, पण सांगितला. त्या दिवसापासून इतिहासाच्या तासालाही तिचे तोंड उघडले.

निघण्यापूर्वी आजोबांनी दोनच अटी घातल्या होत्या. मेक्सिकोने २०२२ साली उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत बंद केल्यामुळे केरेतारो आणि तिरोडा यांतील अंतर बाराही महिने साडेअकरा तासांचे असते. तिरोड्यात सकाळचे साडेसहा वाजतात, तेव्हा तेथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात. आजींचे सामायिक संपते आणि नातवंडांचा दिवस संपत येतो. त्या वेळी धाकट्याने आजींना मराठी पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचून दाखवायचे, ही पहिली अट. मोठीने घरखर्चाचा रोजमेळ मराठीत, देवनागरीत लिहायचा आणि रोज जुळवायचा, ही दुसरी. सुट्टीच्या दिवशीही या अटींना सुट्टी नाही.

गेल्या उन्हाळ्यात ओळखीचे एक गृहस्थ तिकडून आले, तेव्हा त्यांच्यासोबत पहिल्या वर्षाची वही तिरोड्याला आली. आजोबांनी ती दुकानाच्या गादीवर बसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली. जमा आणि नावे दोन्ही बाजू नीट आखलेल्या. मध्येमध्ये तोर्तिया, फ्रिहोल, नोपाल असे शब्द देवनागरीत बसवलेले, बसभाड्याचे पेसो, पर्युषणातील दानाची रक्कम, धाकट्याच्या फुटलेल्या पाटीचा खर्च. एका पानावर अक्षर बदललेले होते. त्या दिवशी मोठीला ताप होता, म्हणून धाकट्याने लिहिले होते. त्याच पानावर दोन पेसोंचा फरक राहिला होता.

आजोबांनी तो फरक पेन्सिलीने खूण करून ठेवला आणि वही कपाटात जुन्या वहीशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांनी धाकट्याला विचारले की, ते दोन पेसो कोठे गेले. त्याने जरा विचार करून सांगितले, "दादाजी, मी पेरू घेतला होता. लिहायचा राहिला."